बंदरातला मधला आवाज

"तुमचं ब्रात्शवाल्यांशी काही वैर आहे का?"

प्रश्न माझा नव्हता. ऑर्केस्ट्रात बासरी वाजवणारी क्षितिजा मला म्हणाली होती, "विचारून दाखव, मग मानलं तुला," आणि हल्ली मला असं कोणी म्हटलं की माझा हात आपोआप वर जातो. पूर्वी जात नव्हता. नववीपर्यंत वर्गात माझा आवाज फक्त शिंकेपुरता ऐकू यायचा. आता शिक्षक म्हणतात, वल्लरी, इतरांनाही बोलू दे.

ज्यांना विचारला ते आमागाईसान, जपानी व्हिडिओ गेम्सचे संगीतकार. त्यांच्या 'सॉल्ट लँटर्न' या गेमचं संगीत तुम्ही ऐकलं नसेल तर तुमच्या भावाने ऐकलं असेल. त्यातलं दुकानाचं गाणं लोक रिंगटोन म्हणून ठेवतात. लढाईचं गाणं ऐकत जिममध्ये वजनं उचलतात. बंदराच्या गाण्यावर एका जोडप्याने लग्न लावलं, त्याचा व्हिडिओ आहे. आमच्या रेगेन्सबर्गच्या युवा ऑर्केस्ट्राने या सगळ्या लोकप्रिय रचनांचा कार्यक्रम बसवला होता, आणि आमागाईसान म्युनिकला आलेच होते म्हणून एक दिवस आमच्या तालमीला येऊन बसले. गुडघ्यावर टोपी ठेवून. तालीम झाल्यावर आमच्या कंडक्टर फ्राऊ होल्त्सर म्हणाल्या, कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, पण जरा विचार करून विचारा.

ब्रात्श म्हणजे व्हायोला, व्हायोलिनची मोठी बहीण, जिला स्थळ येत नाही. दिसते तशीच, आवाज थोडा जाड, आणि गाणं कधीच तिच्या वाट्याला येत नाही. मी सात वर्षांची असताना संगीतशाळेत व्हायोलिनला वेटिंग लिस्ट होती आणि ब्रात्शला नव्हती. बाबा म्हणाला, "तेच तर आहे, वर साइज मोठी मिळतेय." पुण्यात आई अजूनही सगळ्यांना व्हायोलिनच सांगते. फोनवर ब्रात्श समजावण्यात वेळ जातो म्हणते.

बंदराच्या गाण्यात तर कहर आहे. व्हायोलिनला सूर, चेलोला लाटा, आणि आम्हाला चार स्वर. वर जायचं, खाली यायचं, परत वर जायचं. गाणं संपेपर्यंत. माझ्या शेजारी बसणारी लेओनी सांगते की एकदा वाजवता वाजवता तिला झोप लागली होती आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, तिच्यासुद्धा.

मला स्वतःला पडलेला प्रश्न वेगळाच होता, आणि तो मी कोणालाच विचारत नव्हते. आमच्याकडे अकरावीत लाइस्टुंग्सफाख निवडावा लागतो, म्हणजे पुढची दोन वर्षं जो विषय तुम्ही जास्त खोलात शिकणार तो. सोमवारी शाळेत सांगायचा होता. घरी इन्फर्माटिक, म्हणजे कॉम्प्युटर, ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबा दिवाळीत म्हणाला, "इन्फर्माटिकच ना?" आणि माझ्या तोंडात चकली होती म्हणून मी मान हलवली. आमच्या घरात मान हलवणं म्हणजे सही. मग संगीताच्या शिक्षकांनी मला थांबवून विचारलं, तू म्युझिकचा विचार का करत नाहीस? मी म्हणाले, मी ब्रात्श वाजवते. ते म्हणाले, ते मला माहीत आहे. जिचं वाजवणं कोणाला ऐकूच येत नाही तिने कशाच्या जोरावर म्युझिक घ्यायचं?

तर, वैर.

युनिव्हर्सिटीतून आलेल्या दुभाषी बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे असंच सांगू?"

"गेनाऊ, अगदी असंच," मी म्हणाले. मागून क्षितिजाच्या बासरीतून फुस्स असा आवाज आला.

बाईंनी सांगितलं. आमागाईसानांनी टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. मग ते बोलायला लागले, आणि बाई तुकड्यातुकड्याने जर्मनमध्ये सांगत गेल्या.

"त्या काळच्या मशीनमधून एका वेळी तीनच सूर निघायचे. एक वरचा, एक खालचा, एक मधला. गाणं तयार झालं. मग प्रोग्रॅमर आला आणि म्हणाला, गेममधला मुलगा चालतो, त्याच्या पावलांचा आवाज हवा. चौथी जागा नाही, तेव्हा एक सूर मला दे."

"मग?" मी विचारलं. फ्राऊ होल्त्सरनी डोळे मिटले.

"वरचा दिला तर गाणं जातं. खालचा दिला तर जमीन जाते. मी मधला दिला. मुलगा चालायला लागला की मधला सूर गप्प. थांबला की परत सुरू."

"पण गेममध्ये सगळे सतत चालतच असतात," लेओनी म्हणाली. तिने हातही वर केला नव्हता.

"हो," आमागाईसान म्हणाले. "सतत."

"म्हणजे आमचा भाग कोणी ऐकलेलाच नाही?"

"आई जेवायला हाक मारते. मूल कंट्रोलर खाली ठेवून जातं. गेममधला मुलगा बंदरावर उभा राहतो. तेव्हा मधला सूर पूर्ण वाजतो." बाई थांबल्या, मग त्यांनी उरलेलं वाक्य पूर्ण केलं. "रिकाम्या खोलीत."

मग मीच बोलले, कारण हल्ली तसंच होतं. "कोणी ऐकणार नाही हे माहीत होतं, तर लिहिला कशाला? काहीही चाललं असतं."

"मुलगा उभा आहे म्हणून पाणी थांबत नाही," ते म्हणाले. "ते चार स्वर म्हणजे पाणी. बंदरात पाणी तर पाहिजे."

मग म्हणाले, "वैर नाही. उलट मला तुमचंच ऐकायचं होतं. ऑर्केस्ट्रात कोणी चालत नाही. मघाशी तुम्ही फार हळू वाजवलंत. जरा मोठ्याने वाजवा."

फ्राऊ होल्त्सर म्हणाल्या, आल्झो, चला तर, बंदर, पहिल्यापासून. नेमकं तेव्हाच एका ट्रंपेटवाल्याला टॉयलेटला जायचं होतं. तो बूट हातात घेऊन मोज्यांवर गेला.

आम्ही वाजवलं. चार स्वर तेच होते, वर जायचं, खाली यायचं. पण कोणीतरी ते ऐकायला बसलंय हे माहीत असताना वाजवणं फारच अवघड निघालं. माझा तिसरा स्वर कायम थोडा खाली लागतो, हे मला नऊ वर्षांत पहिल्यांदा कळलं. लेओनीला घाम आला. आमागाईसान डोळे मिटून बसले होते, आणि एकदा मी तिसरा स्वर बरोबर लावला तेव्हा त्यांनी मान हलवली. किंवा त्यांची डुलकी लागली असेल. त्यांनी मान हलवली, असंच मी धरलं.

शनिवारी कार्यक्रम झाला. आई पैठणी नेसून आली आणि पहिल्या रांगेत बसली. बाबा आला आणि आईने त्याला पहिल्या रांगेत बसवलं. टाळ्या भरपूर पडल्या. नंतर आम्ही खाली पार्किंगमध्ये गेलो. पैसे भरायच्या मशीनपुढे तिकीट शोधत बाबा खिसे चाचपत होता.

"मस्त झालं," तो म्हणाला. "पण एक सांगू का?"

बाबा सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. "एक सांगू का" हे त्याचं गुड मॉर्निंग आहे.

"सांग."

"ते बंदराचं. मी तो गेम लहानपणी शिरीषकडे खेळलोय, सगळी सुट्टी. त्यांच्याकडे ते डुप्लिकेट मशीन होतं, कॅसेट घालायचं. शिरीषची आई ओरडायची, सोडा आता तो टीव्ही. ते गाणं मला पाठ आहे. तुमच्यात मध्येच काहीतरी सारखं हलत होतं, खालीवर, खालीवर. ओरिजिनलमध्ये ते नाही. यांनी नंतर घुसडलंय."

"मला तर तेच आवडलं," आई म्हणाली. "झुल्यावर बसल्यासारखं वाटत होतं. ती चेलो होती का?"

"ते मी होते," मी म्हणाले.

"तू व्हायोलिन ना?"

"आई."

"बरं, ब्रात्श."

"तेच म्हणतोय मी," बाबा म्हणाला. "वाजवलंस छान, वाजवण्याबद्दल तक्रार नाही. पण ते ओरिजिनलमध्ये नव्हतं. पैज."

"होतं, बाबा. तू चालत होतास."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. तीन सूर, पावलं, जेवायला हाक. तिकीट सापडलं होतं, पण तो ते हातात धरून तसाच उभा होता.

"म्हणजे शिरीषच्या आईने आम्हाला जेवायला बोलावलं की..."

"गेनाऊ."

मग त्याने हळूच ते गुणगुणून पाहिलं. वरचा सूर नाही, मधलाच. तिसरा स्वर त्याचाही खाली लागला.

मागे एक आजोबा येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे दोन बायका. मला वाटलं, आत्ता नाही सांगितलं तर रविवारी परत कोणीतरी काहीतरी विचारेल आणि माझ्या तोंडात काहीतरी असेल.

"आई, बाबा, सोमवारी मी लाइस्टुंग्सफाख म्युझिक सांगणार आहे. इन्फर्माटिक नाही. मी विचारत नाहीये, सांगतेय. आणि आता तिकीट आत घाल, मागे लाइन लागलीय."