शेल्याचा निळा काठ

"वन्सं, पुरे करा आता!" मी ओरडलेच.

माझी नणंद पुतळी खलात बत्ता घुमवतच राहिली. अख्ख्या हमरापुरात गणपती रंगवायला तिच्यासारखा हात नाही, आणि तिच्यासारखी हट्टी बाईही नाही. "गप बस गो मैने. रंग जितका बारीक तितका खुलतो. बापानं शिकवलंय."

खलात माझ्या नवऱ्याचा निळा दगड होता. गोविंदा राजस्थानात तांब्याच्या खाणीवर कामाला होता. शेवटच्या सुट्टीत घरी रोह्याला आला तो हा दगड घेऊन. "पावसाचं पानी हवा पोटात घेऊन खडकात मुरतं," तो सांगायचा. "वाटेत तांबं भेटलं का त्याला विरघळवून भेगंत नेतं. तिथं साठत साठत हा निळा धरतो. युगं लागतात!"

"म्हंजे हंड्यावर हिरवट चढतं तसलंच की!" मी चिडवलं.

"त्याचाच भाऊ समज. पुढच्या गणपतीला शेला याच्याच रंगाचा. ताईला सांग."

पुढचा गणपती त्याला दिसला नाही. शिमग्यानंतर तापाने गेला. त्याच्या हातची एवढी एकच वस्तू मी त्याच्या शब्दाखातर पदरात बांधून इथे हमरापुरात आणली, आणि ही बया तिचं पीठ करत होती.

मी खलात वाकून पाहिलं. बारीक होईल तसा निळा उडत चालला होता. पार राखेसारखा फिकट! पुतळीनेही चिमूट उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला.

"असा कसा गो? बाकीचे सगळे खुलतात... भावाचा दगड घालवला मी." ती मटकन बसली आणि रडायला लागली.

मला राग आला होता, भयंकर. पण रडणाऱ्या माणसावर काय ओरडायचं? माझा नवरा, तसा तिचा पाठचा भाऊच. तेवढ्यात चाळणीत वर राहिलेली जाडसर कणी दिसली. मूठभरही नव्हती, पण गर्द निळी होती. "ही नका कुटू," मी म्हटलं. "फिका शेल्याला लावा, ही काठाला."

डिंकात कालवलेली कणी कुंचल्यावर चढेना. "बोटानं भर," पुतळी डोळे पुसत म्हणाली. "तूच भर." मी तर्जनीने काठ भरला.

विसर्जनाला खाडीवर ती हळूच म्हणाली, "मैने, काठ खरवडून घेऊ? डबीत राहील."

"नाय वन्सं. देवाचा झाला तो."

रोह्याला परतल्यावर भांडी घासायला बसले, तेव्हा दिसलं. उजव्या तर्जनीच्या नखात निळं अजून होतं. मी राख डाव्या हातात घेतली आणि डाव्या हातानेच भांडी घासली.