ओर्तेन्सिया मावशींच्या कुरणातली शेवंड

मी एक जुनी शेवंड आहे. समुद्रातली नव्हे हो, गोड्या पाण्यातली. दक्षिण चिलीत, ओर्तेन्सिया मावशींच्या पाणथळ कुरणात, हातभर खोल बिळात मी राहते. बीळ खणताना निघालेला चिखल मी तोंडाशी रचते, त्याचं छोटं धुराडं होतं. मित्रांनो, एके काळी या कुरणात पाय ठेवायला जागा नसे, इतकी धुराडी होती.

मग पंपवाले आले. धुराड्यावर नळी लावायची, दांडा ओढायचा, की आतली शेवंड पाण्यासकट बाहेर आणि संध्याकाळी कढईत. वर टेकडीवर निलगिरी लागली, तिने पाणी पिऊन टाकलं. आमची जात ‘धोक्यात’ म्हणून सरकारी यादीत गेली. मागच्या महिन्यात माझा जोडीदारही नळीतून गेला. आमची अंडी माझ्या शेपटीखाली आहेत. शेजारच्या बिळांतून आता काहीच ऐकू येत नाही. फार एकटं वाटतं.

ओर्तेन्सिया मावशींचा माझ्यावर जीव. पंपवाल्यांना दिसू नये म्हणून त्या रोज सकाळी माझं धुराडं बुटाने सपाट करत. मी रचायचं, त्यांनी मोडायचं. त्यांच्या मायेने मी अगदी मेटाकुटीला आले होते.

त्यांच्या भावाला, रोसेन्दोला, चर खणून कुरण सुकवायचं होतं, तिथेही निलगिरी लावायला. शेवंड सापडली तरच चर थांबणार होता. म्हणून सरकारकडून फ्रेसिया नावाची मुलगी पाहणीला आली. दुपारपर्यंत फिरफिर फिरली.

“मावशी, एकही धुराडं नाही. ‘आढळली नाही’ असंच लिहावं लागेल मला.”

“अगं, आहे की. मीच दाबून टाकते रोज.”

रोसेन्दो हसला. “शाब्बास ताई. स्वतःच बुजवलंस, आता बस शोधत.”

मावशी चिखलात गुडघे टेकून बसल्या. सकाळी दाबलेली जागा चाचपून त्यांनी बिळात खांद्यापर्यंत हात घातला. मी घाबरले. जीव खाऊन त्यांचं बोट नांगीत धरलं. त्यांनी हात झटकला नाही, तसंच मला वर काढलं. बोटातून रक्त गळत होतं.

“अंडी आहेत हिच्याकडे,” फ्रेसिया म्हणाली आणि लिहू लागली.

“एका किड्यासाठी एवढा तमाशा,” असं पुटपुटत रोसेन्दो निघून गेला.

मला परत बिळात सोडलं. चर थांबला. आता माझं धुराडं कुणी मोडत नाही, पण ते पंपवाल्यांनाही दिसतंच ना. म्हणून मावशी बोटाला चिंधी बांधून, विणकाम घेऊन दिवसभर शेजारी बसतात. त्यांना कंटाळा येत असेल, मला मात्र धीर येतो.

तरी खरं सांगते, एकटेपणा गेलेला नाही. मित्रांनो, आम्हाला जपायचं असेल तर आमच्याजवळ बसा. आणि कुणी नळी घेऊन आलाच तर त्याला एवढंच सांगा, की बाबा रे, नळी लावण्याआधी आजूबाजूला दुसरं एखादं धुराडं उरलंय का, ते बघ.