सीटखालची जाड तार

लाडक्याची बहीण सरू रघुला दिली, ते १९३४ साल. लग्न माघात झालं आणि होळीच्या आधी कोळशाच्या शेठनं खोडाळ्याला लॉरी आणली. शेठ म्हणायचा नवी, पण आधी ती नाशकात कुणाकडे तरी राबून आली होती. रघु तिच्यावर ड्रायव्हर लागला. लाडक्या नाशकातल्या मोटारखान्यात चार वर्षं तारकाम शिकलेला, म्हणून तो मिस्त्री.

शेठला लॉरी नटवायची हौस. रबरी फुग्याचा भोंगा त्याला नको होता, बॅटरीवरचा हवा होता. टपावर मोठा फोकस हवा होता. रघुचं मागणं एकच. पुढच्या काचेखाली त्यानं वाघदेवाची लाकडी पाटी बसवली होती, तिच्यापुढं लहानसा दिवा हवा, गाडी चालेल तोवर जळणारा. रस्ता सगळा रानातला. शेठच्या कोळसाभट्टीवरची माणसं कोळशाच्या पोत्यांवर बसून यायची, तीही देव पुढं आहे म्हणूनच चढायची.

बॅटरी ड्रायव्हरच्या सीटखाली, पेट्रोलची टाकीही तिथंच. लाडक्यानं सागाची फळी घेतली, तिच्यावर पितळी चिमटे ठोकले आणि तिन्ही तारांना वेगवेगळा फ्यूज दिला.

"ह्या काचेच्या नळीत केसासारखं काय?" रघुनं विचारलं.

"भाताचा राब भाजताना आपण कडेचा पाला आधी ओढून घेतो ना, आग रानात जाऊ नये म्हणून? तसंच. तार तापली की हा केस आधी जळतो. गाडी वाचते."

"म्हणजे जळायलाच आणलाय? शेठला सांगू नको पाव्हण्या, तो तुलाच नळीत भरंल."

काम चोख झालं होतं. चूक एकच राहिली. दिव्याची तार पत्र्याच्या भोकातून पुढं जायची आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी पत्रा तिच्यावरचं कापड खायचा. उघडी तार पत्र्याला लागली की फ्यूज जायचा. लाडक्यानं चिंध्या गुंडाळल्या, त्याही झिजल्या. पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा सुरू झाली, तर महिन्यात चार वेळा फ्यूज गेला. भोंगा वाजायचा, फोकस लागायचा, कारण त्यांचे फ्यूज वेगळे. वाघदेवाचाच दिवा तेवढा विझायचा.

भट्टीवरची म्हातारी गौरा एका बाजारच्या दिवशी मोखाड्याच्या अलीकडं खाली उतरली. "देव डोळा मिटतो, आनि तुमी आमाला वर बसवता?" तिच्यामागून सगळेच उतरले. माल उतरवायला माणूस नाही, म्हणून गाडी भरलेलीच परत आली.

शेठ भट्टीवर लाडक्याकडं आला. "दिवा विझता कामा नये. फ्यूजचं कौतुक तू नाशकात कर."

"दोन दिवस गाडी उभी ठेवा शेठ. सगळी तार नवी ओढतो."

"उभी गाडी मला काय कामाची? जमत नसेल तर झोपडी मोकळी कर. आईला उचल आणि कुठं न्यायची तिथं ने."

झोपडी शेठच्या जागेत होती. लाडक्याची आई पावसाळ्यापासून अंथरुणावर. लाडक्या घरी गेला, आईला पेज पाजली, परत आला, आणि दिव्याच्या फ्यूजच्या जागी त्यानं तांब्याची जाड तार चिमट्यात दाबली.

दिवा विझायचा थांबला. गौरानं पाटीवर फुलं वाहिली. लाडक्या मात्र त्या दिवसापासून प्रत्येक खेपेला रघुजवळ बसू लागला, एक हात रघुच्या सीटच्या कडेला दाबून. नाकाला सारखा जळल्याचा भास व्हायचा. खाली उतरला तरी तो वास जाईना, आणि गाडीत नसला की त्याला दुसरं काही सुचेना.

"दादा, नवरा माझा," सरू म्हणायची, "आन मांडीला मांडी लावून बसतोस तू."

एकदा त्यानं जाड तारेचं रघुला सांगून टाकलं.

"मग काढ ती तार," रघु म्हणाला.

"काढली तर दिवा जाईल. माणसं उतरतील. झोपडी जाईल."

रघुनं पाटीवरची फुलं सारखी केली. "मग ऱ्हाऊ दे. तू हायेस ना हात ठेवून."

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी, दुपारी, मोखाडा मागं टाकून गाडी जव्हारच्या वाटेवर उताराला लागली. वर नऊ माणसं होती. लाडक्याच्या तळहाताला चटका बसला.

"थांबव."

रघुनं ब्रेक दाबला. गाडी उतारावर थांबली.

"ऊठ, सीट उचलू दे. तार तोडतो."

"पाय काढला तर गाडी सुटंल. हातब्रेक धरत नाय. आधी वरची मानसं उतरव, चाकाला धोंडा लाव."

तार सीटखाली आणि सीटवर रघु. लाडक्यानं उडी टाकली. माणसं भराभर उतरली. गौराला उतरता येईना, तिला त्यानं खांद्यावर घेतलं. त्यानं चाकाखाली लावलेला पहिला धोंडा सरकला, गाडी हातभर पुढं गेली. रघुनं पाय आणखी दाबला. तोवर सीटच्या कडेनं धूर येत होता. दुसरा धोंडा उतरलेल्यांतल्या दोघांनी लोटत आणला आणि चाकाखाली बसवला.

"सोड आता," लाडक्या म्हणाला.

रघुनं पाय उचलला. गाडी धोंड्याला टेकून उभी राहिली. त्यानं एक पाय बाहेर टाकला, तेवढ्यात टाकी पेटली.

भाजलेल्या रघुला घोंगडीत घालून जव्हारच्या दवाखान्यात नेलं. सरू दुसऱ्या दिवशी चालत पोचली.

"शेठ म्हनतो, गाडी जुनी होती," ती म्हणाली. "दादा, कशानं पेटली?"

"फ्यूजच्या जागी मी जाड तार घातली होती," लाडक्या म्हणाला.

ती रघुजवळ जाऊन बसली आणि लाडक्या दाराबाहेर बसला. गौरा आणि बाकीची आठ माणसं जगली. रघु रविवारी सकाळी जव्हारला वारला, १९३४ सालच्या मार्गशीर्षात.