पंच्याहत्तर मीटर पुढे

गल्लीत सगळे त्याला फूटपट्टी म्हणत, आणि तोंडावर म्हणत. रस्ते विभागातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी मोजायची खोड काही गेली नव्हती. जिन्याची पायरी, दाराची चौकट, शेजाऱ्याने चार बोटं पुढे सरकवलेली भिंत, त्याच्या तावडीतून काही म्हणून सुटायचं नाही. बायको म्हणायची, "लग्नाआधी यांनी माझी उंची विचारली होती. नाव नंतर विचारलं."

शहराच्या वार्षिक मॅरेथॉनचा रस्ता मात्र या खोडीवरच उभा होता. पंचवीस वर्षं तो रस्ता हाच मोजत आला होता. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं यंत्र लावायचं, पळणारा जिथून सगळ्यात जवळून जाईल ती रेषा धरायची आणि पहाटे रिकाम्या रस्त्यावरून बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर भरवायचे. जिथून शर्यत मागे वळते तिथे डांबरात खिळा ठोकायचा. शर्यतीच्या दिवशी स्वयंसेवक तो खिळा शोधून त्यावर नारिंगी शंकू ठेवतात. रस्ता थोडा जास्त भरला तर चालतं. कमी भरला तर पळणाऱ्या सगळ्यांची वेळ रद्द होते.

"जुना खिळा उपटल्याशिवाय नवा ठोकायचा नाही." हे वाक्य त्याने इतक्या नवशिक्यांना ऐकवलं होतं की ते त्याच्या मागे त्याच्याच आवाजात नक्कल करून म्हणायचे.

यंदा मॅरेथॉनचे पुरस्कर्ते होते गाद्यांचे एक मोठे व्यापारी. लोकांना पहाटे चारला गादीवरून उठवायचं आणि त्यासाठी गादीवाल्यानेच पैसे द्यायचे, यातली गंमत त्यांना स्वतःला कळली नव्हती. सुरुवातीची कमान आपल्या दुकानासमोरच हवी, असा त्यांनी हट्ट धरला. कमान दीडशे मीटर पुढे सरकली, म्हणजे ते दीडशे मीटर दुसरीकडे भरून काढणं आलं. फूटपट्टीने लांबच्या टोकाचं वळण पंच्याहत्तर मीटर पुढे नेलं. जाताना पंच्याहत्तर, येताना पंच्याहत्तर, हिशेब चोख.

नवा खिळा ठोकताना टेपचं दुसरं टोक थोरल्या लेकीने धरलं होतं. ती एकतीस वर्षांची, इस्पितळात रक्त तपासायचं काम करायची आणि उरलेल्या वेळात पळायची. उरलेला वेळ म्हणजे झोपेचा. या शर्यतीत दोन तास चाळीस मिनिटांच्या आत आलेल्या पहिल्या मुलीला देशाच्या संघात जागा होती. दोन वर्षं ती त्या एका आकड्यासाठी जगत होती, आणि या वयात पुन्हा अशी संधी यायची नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

नवा खिळा बसला. जुना काही निघेना. डोकं वाकडं झालेलं, भोवती डांबर घट्ट, हातोडीची नखं दोनदा निसटली. तेवढ्यात रस्ता अडवून उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने शिट्टी फुंकली, ठरवून दिलेला तास संपला.

"बाबा, जुना राहिला," ती म्हणाली.

"माझं मला कळतं. उद्या येऊन काढतो."

तो उद्या काही आला नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शर्यतीच्या सकाळी फूटपट्टी शेवटच्या रेषेजवळ, मोठ्या घड्याळाखाली उभा होता. मैदानात नुसता गोंधळ होता. दहा किलोमीटरवाले पदकं दातात धरून फोटो काढत होते. मुलांची दौड संपून आया आपापली मुलं शोधत होत्या. कंपन्यांचे संघ एकसारखे सदरे घालून चालत होते, आणि त्यालाच दौड म्हणत होते. ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरमध्ये दोन आजोबांचं पहिला कोण यावरून वाजलं होतं. त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. तो फक्त घड्याळ बघत होता.

दोन तास एकोणचाळीस मिनिटं बावन्न सेकंद. शेवटच्या रेषेवरच्या कमानीखालून एक मुलगी आत आली. पिवळे बूट, वय फार तर बावीस. ती त्याची नव्हती.

त्याची आली तेव्हा घड्याळात दोन चाळीस एकोणीस झालं होतं.

लेकीचा कोच दोन्ही हात डोक्यावर मारत धावत आला. "वळणापर्यंत हीच पुढे होती हो काका! शंकू सोडून सरळ पळत गेली! पोरी वळून परत निघाल्या आणि ही आपली पुढेच! रस्ता चुकली!"

फूटपट्टीचं डोकंच फिरलं. लेक गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती, कुणीतरी तिच्या खांद्यावर टॉवेल टाकत होतं. त्याने आजूबाजूला पाहिलं नाही.

"डोळे घरी ठेवून आली होतीस का? एवढा मोठा शंकू दिसला नाही तुला? पंचवीस वर्षं या गावाला मी रस्ता दाखवतोय आणि माझीच पोरगी रस्ता चुकते! दोन वर्षं पाण्यात घातलीस, दोन वर्षं!"

माणसं थांबून बघायला लागली. एकाने मोबाइलही वर धरला.

लेकीने मान वर केली. तिच्या ओठांवर मीठ वाळलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "तिथे जाऊन बघा एकदा." एवढंच बोलून ती टॉवेल सावरत निघून गेली.

दुपारी तो सायकलवरून गेला. वळणाच्या जागी कागदी पेल्यांचा खच पडला होता आणि एक स्वयंसेविका ते पोत्यात भरत होती. शंकू अजून उभा होता. त्याने तो उचलला. खाली वाकड्या डोक्याचा खिळा होता.

तो शंकू हातात धरून तसाच उभा राहिला. नवा खिळा पुढे, दिव्याच्या खांबाजवळ, उन्हात चमकत होता. त्याच्यावर काही नव्हतं.

"काका, सकाळी काय मजा झाली," ती बाई म्हणाली. "सगळ्यात पुढची ताई ओरडायला लागली, खिळा पुढे आहे, पुढे आहे म्हणून. आम्ही म्हटलं, अहो ताई, खिळा तर हा काय! ऐकेचना. पळत गेली, त्या खांबाजवळ वाकून जमिनीला हात लावला आणि आली परत. आम्ही पोट धरधरून हसलो."

म्हणजे शेकडो माणसं दीडशे मीटर कमी पळाली होती. पुरता रस्ता एकटी त्याची लेक पळाली होती, आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा तो तिच्यावरच ओरडला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. रस्त्यात बाई उभी होती, म्हणून नाही मारली.

तो तडक आयोजकांच्या खोलीत गेला. आयोजक एका कानाला फोन लावून हसत होते. त्यांनी खुणेनेच त्याला बसवलं आणि एक कागद पुढे सरकवला. शर्यत मोजलेल्या रस्त्यावरच झाली, असं त्यावर छापलेलं होतं. खाली, काही चुकलं असल्यास कारण लिहायला एक रकाना होता आणि मोजणाऱ्याची सही हवी होती. संध्याकाळपर्यंत तो निवड समितीकडे जायचा होता.

"रस्ता कमी पडलाय," फूटपट्टी म्हणाला. "पूर्ण मॅरेथॉनचा. दीडशे मीटर."

आयोजकांनी फोन ठेवला. मग त्यांनी उठून दार लावलं.

नियम दोघांनाही पाठ होता. रस्ता कमी ठरला की सगळ्या वेळा रद्द, आणि सहा आठवड्यांनी निवडीसाठी पुन्हा शर्यत. पिवळ्या बुटांची मुलगी पुन्हा पळेल, त्याची लेकही पुन्हा पळेल.

"लिहा तसं," आयोजक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "मी अडवत नाही. पण कारण लिहावं लागेल, तुमच्याच हाताने. शंकू चुकीच्या जागी का गेला?"

फूटपट्टीने कागद स्वतःकडे ओढला.

"स्वयंसेवकांनी खिळ्यावरच ठेवला ना? मग तिथे खिळा कुणाचा होता?" आयोजकांनी आवाज खाली आणला. "काका, झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचवीस वर्षांत तुमचा मीटर चुकला नाही. उद्या पेपरात काय येईल माहितेय? हजारभर लोक पदकं परत आणून टाकतील माझ्या दारात, आणि बोट तुमच्याकडे दाखवतील. बघा बुवा, तुमची मर्जी."

त्याने पेन उघडलं. कारणाच्या रकान्यावर ते बराच वेळ टेकवून धरलं. जुना खिळा, एवढे दोन शब्द लिहायचे होते. हाताखालच्या पोरांची तोंडं त्याला दिसायला लागली, त्याच्याच आवाजात नक्कल करणारी. मग त्याने रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच सरळ रेषेत आली.

घरी लेक कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. आई शेजारी टॉवेल घेऊन उभी होती.

"गेला होतात?" लेकीने विचारलं.

"गेलो होतो. शंकू जुन्या खिळ्यावर होता." त्याने खाली बघितलं. "तुझं बरोबर होतं. मी उगाच बोललो."

आईच्या चेहऱ्यावर दिवसभरात पहिल्यांदा जरा उजेड आला. "अगंबाई! म्हणजे पुन्हा पळवतील? तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

तो चपला काढून कोपऱ्यात नीट लावू लागला.

"कागदावर काय लिहिलंत, बाबा?"

"सही केली."

आईच्या हातून टॉवेल खाली पडला. "स्वतःच्या पोरीच्या गळ्यावर सुरी फिरवलीत तुम्ही," ती म्हणाली आणि रडतच आत निघून गेली. लेक मात्र रडली नाही. तिने पाय बाहेर काढले, टॉवेल उचलला आणि एकेक बोट सावकाश पुसलं.

"शंकू जुन्या खिळ्यावर आहे, हे मला लांबूनच दिसलं होतं," ती म्हणाली. "तिथूनच वळले असते तर आज संघात असते. पण उद्या रस्ता कमी निघाला असता, तर लोक म्हणाले असते, फूटपट्टीने पोरीसाठी रस्ता कापला. तुमच्या नावाला बट्टा नको, म्हणून पुढे गेले."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"राहू द्या. सही तुम्हीही नावासाठीच केलीत ना?" टॉवेलची घडी घालून तिने बादलीच्या काठावर ठेवली. "मग झालं तर. दोघांनी मिळून राखलं की नाव."