पहिला मान ताईंचा

ताईंनी तुकडा जिभेवर ठेवला, विरघळू दिला आणि गिळला. त्यांचा गळा हललेला पाहून समोरच्या दोघांनीही गिळला. चॉकलेटच्या त्या कारखान्यातली ही रोजची रीत: माल बिघडला असेल तर वाडग्यात थुंकायचा, चांगला असेल तर गिळायचा, आणि पहिला मान ताईंचा. त्यांनी गिळलं की ट्रक सुटलेच म्हणून समजा.

गेल्या हिवाळ्यातल्या तापात ताईंचं नाक गेलं, आणि त्यापाठोपाठ चवही. आधी त्यांना रडू यायचं, मग तेही येईनासं झालं. त्या गिळत राहिल्या. तक्रार एकही आली नाही, हे मात्र त्यांना कुठेतरी लागलं होतं.

संध्याकाळी धाकटा भाऊ खोकी घेऊन आला. चांगली नोकरी सोडून तो घरीच कोकोच्या बिया भाजून चॉकलेट बनवायला लागला होता. पहिली खेप त्याने ताईंना दाखवली, तेव्हा वडी कट्कन मोडली, चकाकीही होती, म्हणून ताईंनी "झकास!" म्हणून टाकलं होतं.

"सगळी परत आली," भाऊ म्हणाला. "करपलीयत म्हणे. आता कोण घेणार माझ्याकडून?"

"तू चाखली नव्हतीस?"

"चाखली ना. जळकटच लागली. पण तू झकास म्हणालीस. एवढ्या मोठ्या कारखान्यातली तू. म्हटलं, आपलीच जीभ खोटी."

ताईंनी एक वडी तोंडात टाकली आणि नुसत्या चघळत राहिल्या. वाईट वाटायला हवं होतं, पण धड तेही वाटेना.

"मला काही लागत नाही रे. तापापासून."

भाऊ बघतच राहिला. "मग कारखान्यात?"

ताईंनी तोंडातली वडी गिळली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला. गिळला नाही, थुंकलाही नाही. समोरचे दोघे तोंड मिटून त्यांच्या गळ्याकडे बघत बसले.

"आज तुम्ही आधी सांगा," तुकडा गालात सरकवत ताई म्हणाल्या. "कसा लागतोय?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खाली ट्रकवाल्याने हॉर्न दिला.

"तुम्हाला लागतोय तसाच, ताई," त्यातला मोठा म्हणाला.