मालनची ऊब

दसऱ्याच्या सकाळी माझ्या बायकोची ऊब आमच्या जीपच्या सायलेन्सरमध्ये उतरली. एरवी पूजेच्या वेळी गाडी बंद असते. पण आमचा स्टार्टर कामातून गेलेला. एकदा गाडी बंद झाली की गल्ली गोळा करून ढकलावी लागायची. सणाच्या दिवशी कोणाला हाका मारा, म्हणून मी इंजिन चालूच ठेवलं होतं. मालननं बॉनेटला, स्टिअरिंगला, चारी चाकांना हळदीकुंकू लावलं आणि मग मागं जाऊन सायलेन्सरच्या नळीलाही बोटं टेकवली.

"ह्यो बिचारा कायम मागं," ती म्हणाली. "ह्येला कोण इचारतंय?"

तिचं बोट भाजलं नाही. उलट नळीनंच तिच्या हातातली ऊब ओढून घेतली आणि हातापाठोपाठ सगळ्या अंगातली गेली. ती उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "गेली वाटतं." मी तिचा हात धरून बघितला. माठाच्या बुडासारखा गार होता.

तसं तिचं दुखत-खुपत काही नव्हतं. स्वयंपाक, धुणं, माझ्याशी भांडणं, सगळं जिथल्या तिथं चालू होतं. फक्त तिनं उचललेली भाकरी ताटात येईपर्यंत निवायची आणि वेणी घालायला तळहातावर खोबरेल ओतलं की ते ऑक्टोबरच्या उकाड्यात थिजून पांढरा गोळा व्हायचं. तो गोळा मला दाखवायची तिला भारी हौस. "बघा, थंडी पडली," म्हणायची. मी हसायचो. हसताना पोटात तुटायचं आणि तसं मी तिला सांगायचोही.

"तुटू द्या," ती म्हणायची. "गाडी तेवढी बंद करू नगा."

कारण सायलेन्सर गरम असेपर्यंतच मालन हिंडती-फिरती राहायची. एकदा अंगणातच इंजिन बंद पडलं. ती पीठ मळत होती, ती तशीच थांबली. डोळे उघडे, पापण्यांवर दव. गल्लीनं ढकलून गाडी चालू केली तेव्हा तिनं पुढचा हात फिरवला आणि "पाणी कमी झालं" म्हणाली. तेव्हापासून विट्याहून खानापूरला जीपमध्ये प्रवासी भरून वडापच्या फेऱ्या मारायच्या त्या इंजिन न थांबवता. डिझेल भरतानाही नाही. घरी आलो की मी जीपच्या मागं उकिडवा बसायचो आणि नळीला तळवा लावायचो. चटका बसायचा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता, अगदी तसं लागायचं. माझं सुख म्हणाल तर तेवढंच उरलं होतं.

शेवटी इंजिन कण्हायला लागलं, तेव्हा आम्ही दोघं दस्तगीरभाईच्या गॅरेजात गेलो. त्यानं बॉनेटला कान लावला.

"हणमंता, आज बंद केलं न्हाईस तर हे जाम हुईल. मग सगळं गाव ढकलाय आलं तरी चालू हुयाचं न्हाई."

"बंद केलं तर ही थांबती, भाई."

"मग पट्टी गुंडाळू." बुलेटवाली पोरं पाय भाजू नये म्हणून नळीला जाड विणीची पट्टी बांधतात, ती त्यानं फळीवरून काढली. "हिच्या आतली ऊब निवत न्हाई. इंजिन खुशाल बंद कर. पर भायेरनं हात लावून काय कळायचं न्हाई. नळी गरम हाय का गार, परत कवाच कळायचं न्हाई."

"न्हाई कळलं तर न्हाई कळलं," मालन म्हणाली. "वहिनींचं बराबर हाय," दस्तगीरभाई म्हणाला. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण मला विचारलंच कुणी नाही.

पट्टी बादलीत भिजत घातली. ओली असली की नीट बसते आणि सुकताना आवळते. दस्तगीरभाईनं इंजिनाजवळचं टोक तारेनं बांधलं आणि मी गुंडाळत निघालो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. गुंडाळेन तशी नळी वाढत गेली.

"भाई, ही लांबतीया."

"लांबणारच. जेवढी ऊब, तेवढी नळी."

नळी गॅरेजच्या दारातून रस्त्यावर आली. मालन बादली घेऊन माझ्या मागं. लोकांनी सायकली उचलून पलीकडं नेल्या. एसटी थांबली आणि कंडक्टर खाली उतरला.

"कुणाचंय हे?"

"आमच्या मिसेसचं."

"मग होऊ द्या सावकाश," तो म्हणाला आणि त्यानं ड्रायव्हरला इंजिन बंद करायला लावलं.

पिठाच्या गिरणीवरून वळून नळी आमच्या गल्लीत शिरली, उंबरा ओलांडून चुलीपाशी आली आणि थांबली. टोकाला दसऱ्याची हळदीकुंकवाची बोटं अजून तशीच होती. तेवढाच भाग उघडा राहिला होता आणि पट्टीही तेवढीच उरली होती. मी तिथं तळवा ठेवला.

"आवरा आता. भाई खोळंबलाय तिकडं. हात काढा."

"न्हाई काढत. माझ्या हातावरनं गुंडाळ."

"आवं, मग गाडी कोण चालवणार?"

"कोण बी चालवंल."

"आन् जेवणार कसं?"

"डाव्या हातानं."

"डाव्या हातानं जेवतंय व्हय कोण!" तिनं मला चांगलंच झापलं आणि झापता झापताच गुंडाळायला घेतलं. वेढे माझ्यापेक्षा सफाईनं घातले. बोटं झाकली, मग मनगट.

"भाजतंय?"

"न्हाई."

"कसं लागतंय?"

"तुझ्यासारखं."

तिचे डोळे भरले, पण पाणी तिथंच थांबलं. तिनं तार पिरगाळून आवळली. मग भाईशी ठरल्याप्रमाणे, इंजिन बंद करायची खूण म्हणून लाटण्यानं नळीच्या तोंडावर ठोकलं, तळहातावर खोबरेल ओतलं आणि माझ्याजवळ बसली. तेलाचा लगेच गोळा झाला. तो तिनं माझ्यापुढं धरला.

लांब गॅरेजात इंजिन बंद झालं. ओल्या पट्टीतून वाफेची एक बारीक रेघ वर गेली. मी मालनला हाक मारली. ती हलली नाही. तळवा माझ्यापुढं तसाच उघडा. मी पट्टीच्या आत बोटं आवळून धरली आणि गोळ्याकडं बघत राहिलो. त्याच्या कडेला तेलाचा एक ओला थेंब चमकला.