बेटावरचं एकच थडगं

माझा धाकटा भाऊ, ओगोला, सरोवरात बुडाला आणि नऊ दिवस शोधूनही त्याचं प्रेत मिळालं नाही. अशा वेळी आम्ही लुओ लोक यागोच्या झाडाचं फळ पुरतो. हातभर लांब, चांगलं जड फळ. त्याला कफनात गुंडाळायचं, मेलेल्याच्या नावाने हाक मारायची आणि त्याच्याच अंगणात, घराच्या उजव्या अंगाला पुरायचं. मग माणूस घरी आला असं धरतात.

ओगोलाला मी घरी येऊ दिलं नाही.

त्याच आठवड्यात केनिया आणि युगांडाचे मोजणीवाले आमच्या बेटावर यायचे होते. बेट कसलं, पत्र्याच्या खोपटांनी भरलेला खडक. पण भोवती मासळी रग्गड, म्हणून दोन्ही देशांना तो हवा. तुमची माणसं इथे पुरलेली आहेत का, असं ते विचारणार होते. एकही नव्हतं. मरायला टेकलेल्यालाही आम्ही होडीत घालून किनाऱ्यावर घरी नेतो. होडीवाल्यांचा अध्यक्ष मी. मलाच अक्कल सुचली: ओगोलाचं फळ बेटावरच पुरायचं.

ओगोलाची बायको अकुमू म्हणाली, "भावजी, त्यांना घरी आणा. दुसरं काही मागत नाही मी."

"फळच तर आहे, अकुमू. दोन महिन्यांचा प्रश्न. बेट आपलं झालं की वाजतगाजत आणू."

ती गप्प राहिली, तो मी होकार धरला. खडकात खड्डा कुठला व्हायला? फळावर दगड रचले. मोजणीवाल्यांनी फोटो काढले, आमच्या केनियाच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

पुढे निकाल लागेपर्यंत बेट रिकामं करा, असा हुकूम आला. त्याला तीन वर्षं झाली.

फळ परत आणायची परवानगी मी दोन्हीकडे मागितली. युगांडावाले खुशाल न्या म्हणाले. अडले ते आमचेच साहेब. "डोकं फिरलंय का, अध्यक्ष? तिथे आपला तेवढाच पुरावा आहे." दुसरं फळ पुरू का, म्हणून गावच्या म्हाताऱ्यांना विचारलं. एका माणसाला दोनदा पुरता येत नाही, म्हणाले.

काल हे सांगायला अकुमूकडे गेलो. घराच्या उजव्या अंगाला माणसाएवढी जागा तिने झाडून, सारवून ठेवली होती. माझं सगळं तिने ऐकून घेतलं.

"भावजी, तुम्ही गेलात की तुम्हाला कुठं पुरायचं?"

घरी, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्या सारवलेल्या जागेला वळसा घालून निघालो.